निवटीचा बांध

सरांनी मला पहिलं पत्र लिहिलं त्याचा मायना होता, 'यंत्रास सप्रेम नमस्कार'.

त्यात त्यांची काही चूक नव्हती. इंटरनेटवर एक मराठी ज्ञानकोश आहे, त्यात मी काम करते. काम म्हणजे फुकटचं, हौसेचं. पगार मला डोंबिवलीतल्या एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचा मिळतो. हा ज्ञानकोश कुणीही लिहावा आणि कुणीही सुधारावा असा आहे, आणि 'कुणीही' म्हटलं की काय काय येतं ते मला विचारा. कुणी आपल्या आत्याच्या पोळीभाजी केंद्राची जाहिरात टाकतं, कुणी गावच्या सरपंचाला थेट क्रांतिकारक करून ठेवतं. हे सगळं झाडून काढायचं काम मी बारा वर्षं करत आलेय. छापील आधार नसलेलं वाक्य दिसलं की काढायचं आणि लिहिणाऱ्याला एक ठरलेला निरोप पाठवायचा: आपले लेखन संदर्भाअभावी काढण्यात आले आहे, कृपया नियम वाचावेत. हा निरोप इतका कोरडा आहे की त्यामागे जिवंत बाई बसलेली असेल असं सरांना वाटलंच नाही.

सरांचा पहिला लेख निवटीवर होता. निवटी म्हणजे आपल्या खाडीच्या चिखलात राहणारा वीतभर मासा. डोळे डोक्यावर, आणि ओहोटीला पाणी उतरलं की हा चक्क बाहेर येऊन चिखलावर उड्या मारत फिरतो. तोवर आमच्या कोशात निवटीवर अडीच ओळी होत्या, त्यातली एक 'चवीला उत्तम' अशी. एका सकाळी तिथे सरांची चार पानं येऊन पडली. आणि खाली, लेखातच, लिहिलं, 'कळावे, लोभ असावा'. मग स्वतःचं नाव, पदवी, निवृत्त प्राध्यापक (प्राणिशास्त्र), कोपरी, ठाणे पूर्व, इमारतीचं नाव, दुसरा मजला, आणि 'दुपारी एक ते तीन झोपलेला असतो'. सगळं जग वाचेल अशा ठिकाणी! मी कपाळावर हात मारून घेतला आणि चारही पानं उडवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चारही पानं परत हजर. झोपेची वेळ तेवढी गाळलेली. मी पुन्हा काढली. तिसऱ्या दिवशी लेखाऐवजी ते पत्र आलं. 'यंत्रास सप्रेम नमस्कार. आपण माझा मजकूर दोनदा काढलात. आपल्या रचनेत काही बिघाड झाला आहे असं दिसतं. आपण संदर्भ मागता. मी चाळीस वर्षं या चिखलात उभा आहे. तरी तपासून घ्यावे.'

मी उत्तर दिलं, 'मी यंत्र नाही, बाई आहे. डोंबिवलीला राहते.'

लगेच उत्तर आलं. 'क्षमस्व. मग चहाला या. शनिवारी भरती लागली की या.'

भरती लागली की! अहो, डोंबिवलीलाही खाडी आहे हे मला नकाशावरून माहीत. तिच्यात पाणी कधी चढतं नि कधी उतरतं हे मी जन्मात बघितलेलं नाही. मी आपली अंदाजाने चार वाजता कोपरीला गेले. दार सरांच्या पत्नीने, काकूंनी उघडलं. घड्याळाकडेसुद्धा न बघता म्हणाल्या, "पाणी चढायला अजून सव्वा तास आहे. बसा. ते काही त्याआधी उगवायचे नाहीत."

सरांची सगळी भेटीगाठींची व्यवस्था अशीच होती. दाताच्या डॉक्टरांनासुद्धा ते म्हणायचे, "भरतीच्या वेळेला देता का?" भरतीला चिखल पाण्याखाली जातो, मग त्यांना करायला काही नसायचं, जेवण, झोप, बँक, दात, पाहुणे सगळं त्या वेळात. आणि भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून त्या घरातलं जेवणही सरकायचं. काकूंनी लग्नानंतर वर्षभर भांडून बघितलं आणि मग भिंतीवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक लावून टाकलं.

सर जाऊन आता दीड वर्ष झालं. ते वेळापत्रक काकूंनी अजून काढलेलं नाही.

त्या पहिल्या दिवशी सर आले ते गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले, डोक्यावर कापडी टोपी आणि खांद्याला शबनम. मला बघून त्यांनी नमस्कार केला आणि अगदी मनापासून म्हणाले, "आपण बाई आहात असं दिसतं."

"दिसतं म्हणजे काय?" काकू आतून ओरडल्या. "डोळे फुटलेत का?"

हे 'असं दिसतं' त्यांच्या तोंडात कायमचं बसलेलं होतं. माहीत आहे, नक्की आहे, असं ते कशाबद्दलच म्हणायचे नाहीत. आमटीत मीठ कमी आहे असं दिसतं. वीज गेली असं दिसतं. माझे वडील वारले तेव्हा भेटायला आले, माझ्यासमोर बराच वेळ बसले आणि म्हणाले, "तुला फार दुःख झालेलं दिसतं." इतर कुणी म्हटलं असतं तर मी चिडले असते. सरांनी म्हटलं आणि मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडले.

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फडताळात वरच्या फळीवर पोहे, साखर, डाळी आणि खालच्या फळीवर चिखल. कॉफीच्या, लोणच्याच्या रिकाम्या बाटल्यांतून भरलेला, वर्षावर्षाचा चिखल, त्यावर पट्ट्या चिकटवलेल्या. मला सगळ्या सारख्याच वाटायच्या. सर एकेक उजेडात धरून म्हणायचे, "हा बघ, किती निरोगी होता." आणि मग अलीकडची बाटली तशीच परत ठेवून द्यायचे. काकू मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "चहात साखर हवी असली तर मला सांगा. आपल्या हाताने घेऊ नका."

तर या माणसाला मी ज्ञानकोशात लिहायला शिकवलं. ठाण्याला एका कॉलेजात आमची रविवारची कार्यशाळा असायची, तिथे सर पहिल्या बाकावर. बाकी सगळी विशी-पंचविशीतली मुलं. सर एका बोटाने टाइप करायचे आणि प्रत्येक अक्षर उमटल्यावर थांबून खात्री करायचे. पत्ता लिहायचा नाही, 'कळावे' लिहायचं नाही, हे त्यांनी मान्य केलं. पण मला लिहिलेल्या प्रत्येक निरोपात 'यंत्रास' हा मायना राहिला तो राहिलाच. पुढे पुढे तर समोरासमोरही, "काय यंत्र, जेवून जाणार ना?"

मी त्यांना नियम समजावला. आपल्या डोळ्यांनी बघितलेलं इथे चालत नाही, कुठेतरी छापून आलेलं लागतं. ते ऐकून सरांनी शबनम खांद्याला लावली, मला वाटलं आता उठून जाणार.

"म्हणजे मी खाडीत उभा आहे, समोर निवटी आहे, तरी मी लिहायचं नाही?"

"नाही."

"आणि जो कधी खाडीत गेला नाही, पण त्याने पुस्तकात वाचलंय, त्याने लिहायचं?"

"हो, सर."

त्यांनी शबनम परत खाली ठेवली. "नियम बरोबर आहे," म्हणाले. "माणूस स्वतःच्या डोळ्यांबद्दल फार खोटं बोलतो."

तेव्हा मला वाटलं, शास्त्रज्ञ माणूस, तत्त्वाचं बोलतोय.

मग ते लागले कामाला. दिवसाला एक वाक्य. माझ्या ओळखीत दिवसाला दहा लेख पाडणारे लोक आहेत, पण सरांचं एक वाक्य एकदा बसलं की त्याला कुणी हात लावायची सोय नसायची. एकदा कुणीतरी एका माशाचा फोटो टाकला, खाली लिहिलं 'खडवलीजवळ नदीत आढळतो'. सरांना शंका आली. मी म्हटलं, काढून टाकू, संदर्भ नाहीच आहे. "नको," म्हणाले, "तो बिचारा खरं बोलत असेल तर? जाऊन बघू." आणि खरंच आम्ही खडवलीला गेलो. मी, सर आणि डब्यात काकूंनी दिलेल्या दशम्या. तीन तास सर नदीत गुडघाभर पाण्यात वाकून उभे, मी काठावर छत्री धरून. दुसऱ्या दिवशी चर्चेच्या पानावर त्यांचं वाक्य होतं, 'मी तीन तास पाहिले, मला दिसला नाही. परंतु तीन तास म्हणजे काही फार नव्हे.' फोटो टाकणाऱ्याने स्वतःहून ओळ मागे घेतली आणि सरांची माफी मागितली. आमच्या कोशात कुणी माफी मागितल्याचं मला तरी दुसरं उदाहरण आठवत नाही.

निवटीचा लेखही हळूहळू परत उभा राहिला. त्याला मुख्य आधार सरांच्याच जुन्या शोधनिबंधाचा होता. आपलाच निबंध आपणच आधार म्हणून द्यायचा नाही, दुसऱ्याने तपासून द्यायचा, अशी आमच्याकडे पद्धत आहे. म्हणून तो निबंध मी ओळ न् ओळ वाचला. त्यात महत्त्वाची गोष्ट एकच होती. ओहोटीला चिखलावर बोटभर उंचीचे बांध दिसतात, भातखाचरासारखे, आत थोडं पाणी साठलेलं. आपल्या खाडीतले हे बांध खेकड्यांचे असं सगळे धरून चालले होते. ते निवटीचे आहेत, ती तोंडात चिखल धरून आणून बांध घालते आणि आपल्यापुरतं पाणी राखते, हे त्या निबंधाने दाखवलं होतं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, 'लेखकाच्या निरीक्षणास आले की'. मी आधार जोडला. लेख सुरेख झाला.

आणि मग सरांनी त्यात एक वाक्य घातलं. 'हे बांध निवटीचे आहेत हे कोपरी येथील चांगुणाबाई यांनी प्रथम दाखवून दिले.'

आधार काही नाही. मी काढलं.

दुसऱ्या दिवशी परत. मी काढलं. बाकी सगळे नियम मुकाट पाळणारा हा माणूस या एका वाक्याला सोडायला तयार होईना. मी चिडले. मी चिडले की माझं तोंड सुटतं हे वाचनालयातल्या कुणालाही विचारा. अकराव्यांदा वाक्य काढलं आणि फोन लावला. "सर, तुम्हाला किती वेळा सांगायचं? तुमच्याच निबंधात लिहिलंय की तुम्ही बघितलंत. मग या चांगुणाबाई आल्या कुठून? उद्या मी म्हणेन माझ्या मावशीने दाखवलं. छापील आधार आहे का तुमच्याकडे?"

मग सर म्हणाले, "उद्या साडेपाचला ओहोटी आहे. येशील?"

आम्ही खाडीच्या काठी उभे राहिलो. पाणी खाली गेलेलं, तिवरांच्या मुळांत प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकलेल्या, आणि वास तर विचारू नका. सरांनी काठीने दाखवलं. आधी मला काही दिसेना. मग दिसले, छोटे छोटे बांध, चौकोनी, पंचकोनी, आणि एकात ती बसलेली, डोळे वर काढून.

"पाच वर्षं मी वहीत लिहीत होतो की हे बांध खेकड्यांचे," सर म्हणाले. "चांगुणाबाई इथेच निवट्या धरायच्या, हाताने. माझी गंमत बघायच्या. एक दिवस म्हणाल्या, मास्तर, खेकडा कनाला बांध घालेल? त्याला काय पानी राखायचंय? मी म्हटलं, पुस्तकात तसं आहे. त्यांनी पायाच्या अंगठ्याने एक बांध मोडला आणि म्हणाल्या, आता बघत बस. मी बसलो. तासाभराने निवटी आली, तोंडात चिखल घेऊन, आणि तिने ते खिंडार बुजवलं. माझ्या डोळ्यांदेखत."

"मग निबंधात का नाही लिहिलंत?"

"आभार आहेत निबंधात. विभागप्रमुख, टंकलेखक. प्रयोगशाळेतल्या शिपायाचंसुद्धा नाव आहे गं."

"कुणी खोडलं का त्यांचं नाव?"

"नाही ना. कुणी खोडलं असतं तर बरं झालं असतं." ते खाली बघत होते. "मीच घातलं नाही. मला वाटलं, तोंडी परीक्षेला विचारतील, मग यात तुमचं काय? आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. त्या निबंधावर पदवी मिळाली, पदवीवर नोकरी, नोकरीवर हे घर. आणि दर रविवारी मी त्यांच्याकडून मासळी घेत होतो. त्या विचारायच्या, मास्तर, चाललंय ना बरं? मी म्हणायचो, चाललंय."

सरांनी काठीचं टोक चिखलात रोवलं.

"मी तुमच्या त्या कोशात निवटीवर लिहायला आलोच नव्हतो," सर म्हणाले. "मला एवढं एक वाक्य लिहायचं होतं. बाकीची चार पानं त्याला बसायला जागा हवी म्हणून लिहिली."

ते वाक्य मी अकरा वेळा पुसलं होतं. आयुष्यात मला स्वतःची इतकी लाज क्वचित वाटली असेल. मी म्हटलं, "सर, राहू दे ते वाक्य. मी नाही काढत. दुसऱ्या कुणी काढलं तर मी परत घालीन."

तर माझ्यावरच उखडले. इतक्या वर्षांत त्यांचा चढलेला आवाज मी तेवढाच ऐकला. "मेहेरबानी नको! वशिल्याने नको त्यांचं नाव. माझं कसं आलं, छापून आलं ना? त्यांचंही तसंच आलं पाहिजे."

मग मार्ग एकच होता. जिथे निबंध छापला होता त्याच नियतकालिकात दुरुस्ती छापून आणायची. ते अजून निघत होतं, दक्षिणेतल्या कुठल्याशा शहरातून. सरांनी पत्र लिहिलं. तिथले संपादक सरांच्या मुलाच्या वयाचे असतील. त्यांनी गोंधळून विचारलं की एवढ्या वर्षांनी दुरुस्ती कशासाठी, कुणी तक्रार केली आहे का? सरांनी उत्तर पाठवलं, 'कुणीही तक्रार केलेली नाही, आणि माझा त्रास तोच आहे.' मग त्यांनी पुरावा मागितला. सरांनी पलंगाखालची ट्रंक ओढली. त्यातली जुनी वही, पानांवर वाळलेल्या चिखलाची बोटं, आणि एका पानावर पेन्सिलीने, 'चांगुणाबाई म्हणतात, बांध निवटीचा. मोडून दाखवला. खरे आहे असे दिसते.' मी ते पान वाचनालयातल्या यंत्रावर स्कॅन केलं.

सात महिने गेले. तेवढ्यात सरांचे पाय गेले. चिखलात उतरणं बंद झालं, मग जिने उतरणंही दुसऱ्याचा खांदा धरून. तरी जेवण ओहोटीच्या वेळेला होत नव्हतंच. रोज सकाळी मला एकच निरोप यायचा, 'यंत्रास नमस्कार. आले का?' मी लिहायची, 'नाही अजून.' मला भीती वाटायची ती एकाच गोष्टीची. ते छापून येईल आणि सर नसतील.

आलं. एका कोपऱ्यात सहा ओळी. त्याच दिवशी मी ते वाक्य ज्ञानकोशात घातलं, आधार जोडला आणि आठवडाभर पहारा दिला. कुणी बोट लावलं नाही. मी सरांना फोन केला, म्हटलं, "झालं, सर! सुटलात."

"अजून नाही," म्हणाले. "त्यांना सांगायचंय."

आणि मग सुरू झाली टाळाटाळ. आज ऊन आहे, आज त्यांच्याकडे पाहुणे असतील, आज मंगळवार आहे. चांगुणाबाई राहायच्या चालत सात मिनिटांवर. शेवटी काकूच म्हणाल्या, "अहो, तुम्ही तिला घाबरता की काय?"

सर म्हणाले, "असं दिसतं."

एका रविवारी मी त्यांना रिक्षात घालून नेलंच. चांगुणाबाई ओट्यावर बसून सुकट निवडत होत्या. ऐंशी पार केलेल्या, पण नजर सुईसारखी. खाडीत जाणं कधीचं सुटलेलं. सरांना बघून म्हणाल्या, "आगो बाय, मास्तर! पायाला काय झालं तुमच्या?" नातसुनेने आतून खुर्ची आणली. सर बसले नाहीत. माझा खांदा धरून उभ्यानेच त्यांनी खिशातून कागद काढला आणि त्या सहा ओळी मराठीत करून वाचून दाखवल्या.

चांगुणाबाईंनी ऐकून घेतलं. "मंग?"

"म्हणजे मी तुमचं घेतलं," सर म्हणाले, "आणि माझं म्हणून सांगितलं. चाळीस वर्षं."

"माजं काय घेतलं?"

"बांधाचं. निवटीच्या बांधाचं. त्यावर मी मोठा झालो."

"चिखलावर मोटं झालं मानूस!" त्या हसल्या. मग सरांचा चेहरा बघून हसायच्या थांबल्या. "आन आता माजं नाव लिवलंय?"

मी फोनवर पान उघडून नातसुनेच्या हातात दिलं. तिने मोठ्याने वाचलं, 'कोपरी येथील चांगुणाबाई यांनी प्रथम दाखवून दिले.'

"परथम म्हंजे?"

"सगळ्यात पहिल्यांदा," नातसून म्हणाली. तिला फार आनंद झाला होता. "आजी, तुमचं नाव जगात कुठंपण दिसणार!"

चांगुणाबाईंनी सुकटीचं सूप बाजूला ठेवलं. "पुसा ता," म्हणाल्या.

सरांचा हात माझ्या खांद्यावर घट्ट झाला.

"पयली मी नाय. मना माजे सासूनं दावलं. लगीन होऊन आले तवा मना चिखलाची भीती वाटायची, पाय टाकत नव्हते. तिनं हाताला धरून नेलं. बोलली, बांध बघ, बांधाचे आत हात घाल, निवटी तितंच गावते. हे सगलं तिचं. मी तिचं कशी घेऊ? तिचं नाव घाला."

आता मात्र सर खुर्चीवर बसले. मग त्यांनी पेन काढलं, तो सहा ओळींचा कागद उलटा केला आणि गुडघ्यावर ठेवला. माझ्या जिभेवर 'आधार काय?' हा प्रश्न आलाच होता, इतक्या वर्षांची सवय. तो मी गिळला. परत पत्र, परत संपादक, परत सात महिने, आणि सरांचे हे पाय. मला सरळ दिसत होतं की यांना तेवढा वेळ नाही.

"सांगा," सर म्हणाले. "काय नाव त्यांचं?"

चांगुणाबाईंनी पदराचं टोक तोंडाला लावलं.

नातसून माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "आजी नाव नाही घेत. सासूचं, सासऱ्याचं, आजोबांचं. कधीच नाही घेतलं. आम्हाला पण माहीत नाही."

"घरात दुसरं कुणी सांगेल?" मी विचारलं. "जुने कागद वगैरे?"

"कोन रायलंय आता," चांगुणाबाई म्हणाल्या. "आन तिचा कागद कसला? तिला आंगठा लावायचा परसंगबी कदी आला नाय." त्या बोटांनी ओट्यावरची सुकट उगीच गोळा करत होत्या. "नाव मनाच ठावं."

सरांनी पेन मिटलं. "राहू द्या, बाई. तुमचा नेम मोडू नका. मी असं लिहितो, चांगुणाबाईंच्या सासूबाईंनी."

"सासू मंजे काय नाव झालं? सासू काय, सगल्यांनाच असते."

त्यांनी डोक्यावरून पदर घेतला. खाडीच्या बाजूला तोंड केलं, हात जोडले, कपाळाला लावले. ओठ हलले, आवाज आला नाही. नातसून चहाचा कप हातात घेऊन दारातच थांबली होती.

"आंबू," त्या म्हणाल्या. मग आमच्याकडे वळल्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. "आंबूबाय. लिवा."

सरांनी लिहिलं. एकेक अक्षर, थांबून, खात्री करून. लिहून झाल्यावर ते तो कागद नुसता बघत बसले.

"मला चाळीस वर्षं लागली, चांगुणाबाई," ते म्हणाले. "तुमचं नाव घ्यायला."

चांगुणाबाईंनी सूप परत पुढ्यात ओढलं. "तुमी शिकलेलं मानूस," त्या म्हणाल्या. "तुमाला येल लागायचाच."